पंताचा खोकला

परवा भाच्याचा फोन आला. तो आणि त्याचे चार मित्र येत्या ऑगस्टमधे लडाखमधल्या एका सहा हजार मीटरच्या शिखरावर जाणार आहेत. बूट झाले, जॅकेटं झाली, सुट्ट्या मंजूर झाल्या, आता फक्त औषधं राहिलीत. "मामा, तुझ्याकडे यादी असेल ना? मेल कर की." मी म्हटलं, करतो. फोन ठेवला, कॉम्प्युटर उघडला, जुनी फाइल सापडली... आणि ती पाठवायला काही हात होईना.

यादीत चूक आहे असं नाही. एका डॉक्टर मित्राने तपासून दिलेली यादी आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी मी ती त्याच्याकडून पुन्हा बघून घेतो. अडचण अशी की डोंगरातल्या आजारपणाबद्दल मला जे एक शहाणपण मिळालं (आणि तेही दुसऱ्याच्या जिवावर मिळालं), ते त्या यादीत कुठेच नाही. म्हणून आधी हे लिहितोय. भाच्याने वाचावं, त्याच्या मित्रांनीही वाचावं.

आधी यादीबद्दल थोडं सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की मूळ प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही. पॅरासिटामॉल, ओ.आर.एस.ची भरपूर पाकिटं, जुलाबाच्या गोळ्या, डॉक्टरने लिहून दिलेलं एखादं अँटिबायोटिक, क्रेप बँडेज, पायांच्या फोडांसाठी चिकटपट्टी. जास्तीचा एक गॉगल, कारण बर्फावर दोन-चार तास उघड्या डोळ्यांनी चाललं की त्या रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखी होते. मधुमेह असेल तर इन्सुलिन रात्री अंगाशी घेऊन झोपायचं. एकदा गोठलं की ते फेकूनच द्यावं लागतं. निघायच्या महिनाभर आधी दात दाखवून घ्यायचे. हसू नका. पाच हजार मीटरवर दाढ ठणकायला लागली की माणूस शिखर विसरतो.

मग उंचीची औषधं. डायमॉक्स, निफेडिपिन, डेक्सामेथासोन. ही तिन्ही डॉक्टरला विचारूनच, आणि कधी, किती, का हे कागदावर लिहून घेऊनच. डायमॉक्स श्वास वाढवून शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करतं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फाची ऍलर्जी असेल तर आधी डॉक्टरशी बोलायचं. डेक्सामेथासोन मेंदूची सूज उतरवतं, पण लक्षणं झाकूनही टाकतं, म्हणून आजारी माणसाने ते घेऊन बरं वाटलं म्हणून वर चढायचं नाही. निफेडिपिन फुफ्फुसात पाणी व्हायला लागलं तर. ही सगळी औषधं खाली उतरेपर्यंतचा वेळ काढण्यासाठी आहेत. खरं औषध एकच, ते म्हणजे खाली उतरणं.

झाली यादी. आता पंताची गोष्ट.

पंत हे त्याचं खरं नाव नाही, पण आमच्या ग्रुपमधे त्याला सगळे पंतच म्हणतात. आमची सह्याद्रीतली जोडी. राजमाचीपासून नळीच्या वाटेपर्यंत सगळीकडे आम्ही एकत्र. दम कोणाचा जास्त असं विचाराल तर नि:संशय पंताचा. हरिश्चंद्रगडावर मी पाणी प्यायला थांबलो की हा पुढच्या वळणावर शीळ घालत बसलेला असायचा.

ऑगस्ट २००९. आम्ही नऊजण लडाखमधल्या मारखा खोऱ्यातून कांग यात्से-दोन या शिखरावर निघालो होतो. साधारण सव्वासहा हजार मीटर उंची. आमच्या लीडरला सगळे दादा म्हणत. दिल्लीहून विमानाने थेट लेह, म्हणजे दोन तासाच्या आत साडेतीन हजार मीटरवर. लेहमधे तीन दिवस आराम. मग चिलिंगला झंस्कार नदीवर तारेला लटकवलेल्या पाळण्यातून पलीकडे जायचं, तिथून स्क्यू, मारखा, थाचुंगत्से, निमालिंग आणि शेवटी बेसकॅम्प. पुस्तकी नियम असा की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. थाचुंगत्सेहून निमालिंग हा आमचा टप्पा साडेपाचशेच्या आसपास होता. आता पन्नास मीटरसाठी कोण थांबतो? शिवाय परतीची तिकिटं काढलेली होती.

पंताला खोकला थाचुंगत्सेला सुरू झाला. कोरडा, ढासून येणारा. लडाखमधे खोकला कोणाला होत नाही? हवा कोरडी, त्यात घोड्यांच्या मागे चालताना नाकातोंडात धूळ. आमच्यातले चौघे खोकत होते. निमालिंगला पोचलो त्या दिवशी मात्र तो नेहमीसारखा पुढे नव्हता, मागे होता. पंत मागे! संध्याकाळी तंबूत तो बूट सोडत होता. एक नाडी सोडली आणि थांबला. धाप लागली होती त्याला. दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला त्याने जवळजवळ दोन मिनिटं घेतली. मी समोरच बसलो होतो, अंधार पडला नव्हता, मला सगळं दिसत होतं.

तोही बघत होता मी बघतोय ते. म्हणाला, "दादाला सांगू नकोस हं. दोन वर्षं वाट बघतोय मी याची."

मी म्हटलं, "नाही सांगत."

आणि मी नाही सांगितलं.

आमच्याकडे एक ऑक्सिमीटर होतं. करोनाच्या दोन वर्षांत, म्हणजे २०२०-२१ मधे, ते घरोघरी झालं, पण २००९ साली ती चैनीची वस्तू होती. दादाने कुणाकडून तरी उसनं आणलं होतं. रोज रात्री जेवणाआधी सगळ्यांची बोटं त्यात जायची. निमालिंगला आपला नंबर यायच्या आधी पंत मेस-टेंटच्या बाहेर जाऊन उभा राहिला आणि दहा-पंधरा लांब श्वास घेऊन आत आला. आकडा बरा आला. दादाने लिहून घेतला. हेही मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बेसकॅम्पचा टप्पा अगदी छोटा. आम्ही पोचल्यावर दीड तासाने पंत आला. "पोट बिघडलंय जरा," म्हणाला. सगळ्यांनी मान हलवली. ट्रेकवर पोट कोणाचंही बिघडतं.

रात्री साडेनऊला आमचा कुक दादाच्या तंबूपाशी आला. नेपाळी मनुष्य, जेमतेम विशीतला, दिवसभरात दहा शब्द बोलायचा. तो म्हणाला, "वो साब दो दिन से थाली वापस कर रहा है. आज चाय भी नहीं पिया. उसको देखो."

कुकने सांगितलं. मी नाही.

दादा आमच्या तंबूत आला, पंताला बसता केला आणि पाठीला कान लावला. मग मला म्हणाला, "तूही ऐक." हुक्क्यातलं पाणी गुडगुडावं तसा आवाज येत होता. ऑक्सिमीटर लावलं तर आकडा साठीच्या थोडाच वर. आमचे बाकीच्यांचे ऐंशीच्या आसपास होते. झोपून राहिलेल्या माणसाला धाप लागत होती आणि ओठ निळसर दिसत होते. ट्रेकर मंडळी ज्याला 'हेप' म्हणतात ते हेच: उंचीमुळे फुफ्फुसात पाणी होणं. कोरडा खोकला, नेहमीपेक्षा जास्त दमणं, मग बसल्या जागी धाप, शेवटी फेसाळ गुलाबी कफ. शेवटची पायरी सोडून बाकी सगळ्या पंताने माझ्या डोळ्यादेखत ओलांडल्या होत्या.

मग जे झालं ते दादामुळे झालं. एक छोटा ऑक्सिजन सिलिंडर होता, तो लावला. डॉक्टरने लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे निफेडिपिन दिलं. आता प्रश्न, जायचं कुठे? नकाशावर गाडीरस्ता जवळ होता तो कोंगमारू-ला खिंडीच्या पलीकडे, शांग सुमदोच्या बाजूला. पण ती खिंड पाच हजार दोनशे मीटरच्या घरात. म्हणजे खाली जाण्यासाठी आधी वर चढायचं. दादाने एका वाक्यात निकाल लावला: "रस्ता लांब पडला तरी चालेल, उंची कमी झाली पाहिजे." आलो त्याच वाटेने परत, हंकार गावाकडे. साधारण हजार मीटर खाली.

सव्वादहाला निघालो. पंत घोड्यावर, घोडेवाला लगाम धरून, दादा, गाइड आणि मी. बाकीच्यांना दादाने तिथेच थांबायला सांगितलं. सिलिंडर माझ्या पाठीवर, नळी पंताच्या नाकाला, आणि घोडा आणि मी यांच्यातलं अंतर नळीएवढं. निमालिंगच्या पठारावर वारा असा होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. दिवसा बर्फ वितळून ओढे फुगतात, रात्री पाणी उतरतं, ते एक नशीब. दर दहा मिनिटांनी दादा पंताला काहीतरी विचारायचा. बायकोचं माहेर कुठलं? आज वार कोणता? सुरुवातीला एकेक शब्दाचं उत्तर यायचं, दोन शब्दांच्या मधे श्वास. थाचुंगत्सेला तीन वाजले. तिथे पंत आपणहून म्हणाला, "पाणी दे रे." सलग तीन शब्द. मी आयुष्यात इतकं चांगलं वाक्य ऐकलेलं नाही. हंकारला पोचेस्तोवर झुंजुमुंजू झालं होतं आणि तो घोडेवाल्याला घोड्याचं नाव विचारत होता.

उतरणं हे औषध आहे हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते असं डोळ्यासमोर काम करताना पाहिलं की अंगावर काटा येतो. पुढे घोड्याने स्क्यू, पाळण्यातून नदी, जीपने लेह. तिथल्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. अजूनही दोन्ही बाजूंना पांढरे ढग दिसत होते. "ती रात्र वर काढली असतीत तर..." एवढंच म्हणाले. दिवसागणिक असे पेशंट बघणारा माणूस, त्याने वाक्य पुरं केलं नाही.

पुण्यात परत आलो आणि माझं कौतुक सुरू झालं. मित्रासाठी शिखर सोडलं! रात्रभर पाठीवर सिलिंडर वाहिला! वहिनींनी घरी बोलावून पुरणपोळीचं जेवण घातलं आणि निघताना डोळ्यात पाणी आणून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून." मी चार पोळ्या खाल्ल्या. काही बोललो नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. मी गप्प का बसलो? वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत होतो की मैत्रीखातर. त्याने विश्वासाने सांगितलं, आपण कसं फोडायचं? लहानपणापासून चहाडी करणारा पोरगा सगळ्यांत वाईट असं शिकलोय आपण. हे खरंच आहे, पण अर्धंच. निमालिंगला पंत बूट सोडत होता तेव्हा माझ्या डोक्यात एक हिशोब चालू होता. हा खाली गेला तर याच्याबरोबर कोणीतरी जाणार. तंबूतला जोडीदार कोण? मी. म्हणजे माझंही शिखर गेलं. हिशोब दोन सेकंदांत झाला आणि त्याचं उत्तर मी 'मैत्री' या खात्यावर लिहून टाकलं.

हे कबूल करायला लाज वाटते. पण माझी खात्री आहे की हा हिशोब करणारा मी एकटा नाही. डोंगरातली बरीचशी आजारपणं औषधांच्या अभावी बिघडत नाहीत, ती न बोलल्यामुळे बिघडतात. आजारी माणूस बोलत नाही कारण त्याला वर जायचं असतं. बाजूचा बोलत नाही कारण त्यालाही वर जायचं असतं. आणि लीडर बिचारा आकडे लिहून घेत बसतो.

आजारी माणसाने स्वतःच सांगावं, तो काय लहान आहे का, असं बरेचजण म्हणतात. मला हे पटत नाही. एक तर उंचीवर मेंदूलाच प्राणवायू कमी पडत असतो. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. ज्या यंत्राने निदान करायचं तेच यंत्र बिघडलेलं. दुसरं म्हणजे ज्ञान असून उपयोग होतोच असं नाही. १८९१ साली माँ ब्लाँवरच्या व्हालो निवाऱ्यात, सव्वाचार हजार मीटरच्याही वर, जाकोते नावाचा एक तरुण डॉक्टर आजारी पडला. त्याला खाली चला म्हणणारे लोक होते. त्याने नकार दिला, उंचीचा शरीरावर होणारा परिणाम त्याला स्वतःवरच बघायचा होता. तो तिथेच गेला. डॉक्टर होता, धडधाकट होता, आणि तरी स्वतःच्या बाबतीत त्याचा निर्णय चुकला. मग पंत तर बँकेत नोकरीला!

धडधाकट असण्याचाही काही भरवसा नाही. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान घाईघाईने हिमालयात चढवले गेले आणि त्यातले कितीतरी उंचीने आजारी पडले. आपल्या सैन्यातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास करून तो १९६९ मधे प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारावरचं ते आजही महत्त्वाचं काम मानलं जातं, आणि ते आपल्या जवानांच्या हालांतून आलेलं आहे. कवायतीत तयार झालेल्या तरण्याबांड पोरांना जे चुकलं नाही ते रोज सकाळी पर्वती चढतो म्हणून आपल्याला चुकेल हे मानणं वेडेपणा आहे.

पंतासारख्यांच्या फुफ्फुसात होतं त्याला पूर्वी सरसकट न्यूमोनिया म्हणत. पेरूमधल्या डॉक्टरांना आधीपासून शंका होती, पण इंग्रजी वाचणाऱ्या जगाला ते नीट कळायला १९६० उजाडलं. तेव्हा ज्यांनी त्यावर लिहिलं ते चार्ल्स ह्यूस्टन स्वतः गिर्यारोहक. १९५३ च्या के-टू मोहिमेचे नेते. त्या मोहिमेत वरच्या कॅम्पवर आर्ट गिल्की या साथीदाराच्या पायात रक्ताच्या गाठी झाल्या. ह्यूस्टनना डॉक्टर म्हणून दिसत होतं की हा जगणं कठीण आहे. तरी शिखर सोडून, वादळात, सगळ्यांनी मिळून त्याला दोराने खाली आणायला सुरुवात केली. गिल्की वाचला नाही. पण त्याला खाली न्यायचं की नाही यावर तिथे वादच झाला नाही, कारण तो उभाच राहू शकत नव्हता. आजार सगळ्यांना दिसला की माणसं चांगली वागतात असा माझा अनुभव आहे. मीही त्या रात्री चांगलाच वागलो. प्रश्न असतो तो आजार फक्त एकालाच दिसत असतो तेव्हाचा.

म्हणून गेली काही वर्षं आमच्या ग्रुपमधे मी तीन गोष्टींचा आग्रह धरतो. काहींना तो जाच वाटतो. वाटू दे.

पहिली गोष्ट. रोज संध्याकाळी 'तू कसा आहेस' असं कोणालाच विचारायचं नाही. 'तुझा तंबूवाला कसा आहे' हे विचारायचं. प्रत्येकाने दुसऱ्याबद्दल सांगायचं. ठरलेले चार प्रश्न: जेवला का? आज नेहमीपेक्षा मागे पडला का? बूट बांधताना, बोलताना धाप लागते का? वागण्याबोलण्यात, चालण्यात काही वेगळं आहे का? शंका असेल तर सरळ रेषेत, टाचेला चवडा लावून चालायला लावायचं. तोल जात असेल तर मेंदूला सूज येत असल्याची ती खूण असू शकते आणि मग सकाळची वाट बघायची नाही. सगळ्यांनाच विचारतात म्हटल्यावर त्यात चहाडी उरत नाही, तो नुसता हजेरीचा भाग होतो. आमच्या एका मैत्रिणीने विचारलं होतं, "म्हणजे तंबूतलं सगळं चव्हाट्यावर मांडायचं का?" प्रश्न रास्त होता. नाही. हे चार प्रश्न, बस्स. बाकी ज्याचं त्याचं.

या हजेरीत कुक, मदतनीस, घोडेवाले सगळे धरायचे. ते डोंगरातलेच, त्यांना काय होतंय, हा आपला गोड गैरसमज. मैदानातून किंवा कमी उंचीवरच्या गावातून कामाला आलेल्या पोराला उंची तितकीच लागते, आणि रोजी बुडेल म्हणून तो आपल्याहून जास्त लपवतो. ज्या कुकने पंताला वाचवलं, त्याचं डोकं दुखतंय का हे त्या दहा दिवसांत आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट. आजारी माणसाबरोबर खाली कोण जाणार हे पुण्यातच ठरवायचं. चिठ्ठ्या टाका, पाळी लावा, काहीही करा, पण वर जायच्या आधी ठरवा. आणि तो त्याच्या तंबूतला जोडीदार शक्यतो नको. म्हणजे जो बघतोय त्याच्या डोक्यात माझ्यासारखा हिशोब सुरू होणार नाही. तीन गोष्टींमधली ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि नेमकी हिच्यावरच लोक हसतात. "निघायच्या आधीच अपशकुन कशाला?" असं एका काकांनी मला तोंडावर विचारलं होतं.

तिसरी गोष्ट लीडरसाठी. सांगणं स्वस्त करा. डोकं दुखतंय म्हटलं की लगेच 'चल, खाली' असं होत नाही. साधी डोकेदुखी, थोडी मळमळ असेल तर बहुतेक वेळा त्याच उंचीवर एक-दोन रात्री थांबलं, पाणी-जेवण नीट घेतलं की माणूस जुळतो. नियम एवढाच की लक्षणं असेपर्यंत वर जायचं नाही, आणि वाढत असतील तर उतरायचं. म्हणून कार्यक्रमात एक मोकळा दिवस हवाच. तो नसेल तर प्रत्येक डोकेदुखी म्हणजे शिखर गेलं, आणि मग डोकेदुखी कोणालाच होत नाही! आणि कोणी सांगितलंच तर 'अरे पाणी पी, होईल बरं' असं हसण्यावारी नेऊ नका. तुम्हाला पुन्हा कोणी सांगणार नाही.

तुम्ही म्हणाल, आता काळ बदललाय, सोय झालीय. झालीय थोडी. पण अजूनही बऱ्याच खोऱ्यांत मोबाइल चालत नाही, आणि आपल्या देशात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे. हेलिकॉप्टर मिळालं तरी हवा चांगली हवी आणि उजेड हवा. रात्री साडेनऊला, पाच हजार मीटरवर, तुमच्याजवळ जी चार माणसं असतात तेच तुमचं हॉस्पिटल.

पंताला मी हे सगळं २०१६ साली सांगितलं. राजगडाहून उतरून गुंजवण्यात चहा पीत होतो. सह्याद्रीत तो अजूनही माझ्या पुढेच असतो, उंचीवर मात्र पुन्हा गेला नाही. मी हिशोबाचं सगळं सांगितलं, पुरणपोळ्यांचंही. तो बराच वेळ कपात बघत होता. मग म्हणाला, "मला माहिती होतं रे. मीच तर सांगू नको म्हटलं होतं." थोड्या वेळाने म्हणाला, "पण तू ऐकायला नको होतंस."

तेवढंच. मग एसटी आली.

वहिनींना अजून सांगितलेलं नाही. पंत म्हणतो, नको. या बाबतीत तरी त्याचं ऐकावं की नाही हे मला आजही कळत नाही.

असो. भाच्याला यादी आज पाठवतोय, या लेखाबरोबर. यादी डॉक्टरला दाखवून घे रे बाबा, मामा डॉक्टर नाही. आणि तुम्ही पाचजण आहात, म्हणजे तंबूंचं गणित विषम होणार. कोणी एकटा झोपणार नाही एवढं बघा. एका तंबूत तिघे झोपा, दाटीवाटी झाली तरी चालेल.